अंशतः खरे आहे

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की आमच्या कार्यालयात कुणाच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा नाही. मंत्रालयात काय वातावरण असेल ते असो, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात अधिवेशन म्हणजे रजा बंद, शनिवार-रविवार गेले, आणि फॅक्स मशीनपाशी रात्री आठपर्यंत कुणीतरी बसून राहायचं. ‘एलएक्यू आलाय’ असं दारातून कुणी म्हटलं की हातातला चहा तसाच ठेवून कपाटाकडे धावायचं. विधानसभेच्या प्रश्नाला आमच्याकडे हेच नाव. प्रश्न विधान परिषदेतला असला तरी तोही एलएक्यूच. वरचं सभागृह कोणतं आणि खालचं कोणतं, याच्याशी कारकुनाला देणंघेणं नसतं. दोन्हींची माहिती ‘आजच, विशेष दूतामार्फत’ पाठवायची असते.

नोकरीची बहुतेक वर्षं विधिमंडळाबद्दल माझं एकच मत होतं आणि ते मी घरी, कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ऐकवायची. सगळा देखावा आहे. संध्याकाळी टीव्ही लावावा तर विधानभवनाच्या पायऱ्यांवर कुणी कांद्याच्या माळा घालून बसलेत, कुणी फलक धरून घोषणा देताहेत, आत कुणी राजदंडाला हात घातला, कुणी कागद भिरकावले, आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब. हिवाळ्यात तर हा सगळा लवाजमा नागपूरला. त्याला मी ‘सरकारी हुरडा पार्टी’ म्हणायची आणि लोक हसायचे. या खर्चात गावोगावी पाण्याच्या किती टाक्या उभ्या राहतील, याचा हिशेबही मी तोंडी करून दाखवायची. टाक्यांचे दर मला पाठ होते, त्यामुळे तो ऐकणाऱ्याला पटायचाही.

आज ते मत माझ्याच्याने धरवत नाही. का, हे सांगायचं तर आधी प्रश्नाचा प्रवास सांगायला हवा. बाहेरच्यांना तो दिसत नाही आणि टीव्हीवर दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

आमदार प्रश्न लिहून देतात ते अधिवेशनाच्या बरेच आधी. सचिवालय तो नियमात बसतो का ते पाहतं: तर्क नको, उपरोध नको, आरोप नको, न्यायप्रविष्ट बाब नको. अध्यक्षांनी दाखल करून घेतला की तो खात्याकडे, खात्याकडून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तिथून कार्यकारी अभियंता, उपअभियंता, शाखा अभियंता, आणि शेवटी जिच्या कपाटात फाइल आहे तिच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. प्रश्नाची भाषा ठरलेली. ‘हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास’ने सुरू होणारे एक-दोन भाग, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचीही भाषा ठरलेली. ‘हे खरे आहे’ असं लिहायला कुणी धजत नाही. ‘हे खरे नाही’ लिहावं आणि उद्या कुणी फोटो काढून दाखवला तर पंचाईत. म्हणून ‘अंशतः खरे आहे’. आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. या दोन वाक्यांवर आमच्या विभागाने कित्येक पावसाळे काढले. उत्तर खोटं असता कामा नये आणि त्यातून कुणाच्या हाती काही लागताही कामा नये, ही कला वरिष्ठ सहायकाला यावी लागते. माझा त्यात हातखंडा होता, हे आता लपवून काय करू?

पण उत्तरासोबत एक टिपणी जोडायची असते. सभागृहात मंत्र्यांना त्यावर आणखी काय विचारलं जाईल याचा अंदाज बांधून ती लिहायची. उत्तर छापलं जातं. टिपणी छापली जात नाही, ती मंत्र्यांच्या हाती असते. आणि तिथे मात्र खरं लिहावं लागतं, कारण उपप्रश्नाला मंत्री तोंडघशी पडले तर त्याचा जाब शाखा अभियंत्यापर्यंत उतरतो. म्हणजे वर्षभर ज्या योजनेचं खरं चित्र आमच्याच साहेबांना ठाऊक नसे, ते अधिवेशनाच्या आठवड्यात कागदावर येई. कुणीतरी विचारेल या भीतीने सरकार स्वतःबद्दलची माहिती गोळा करतं. हे माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं घडत होतं आणि तरी मी त्याला त्रासच म्हणत होते.

एका गावाची गोष्ट सांगते. गावाचं नाव नको. दुष्काळी पट्ट्यातलं, ओढ्याच्या अलीकडे गावठाण आणि पलीकडे वस्ती. नळपाणीपुरवठा योजना मंजूर झाली, विहीर झाली, पंपघर झालं, टाकी झाली. वस्तीवर पाणी गेलं नाही. गावकऱ्यांचे अर्ज आमच्याकडे येत. अर्ज आला की आवक क्रमांक पडे, ‘उपअभियंता यांनी चौकशी करून अहवाल द्यावा’ असा शेरा पडे, आणि अर्ज फाइलला लागे. त्या फाइलला चांगली जाडी आली होती. मग एका पावसाळी अधिवेशनाआधी त्या योजनेवर तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न आला: वस्तीपर्यंतची वाहिनी न टाकताच ठेकेदाराला देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. फाइल माझ्या ताब्यात म्हणून मलाही घेतलं. शाखा अभियंत्याने मोजमाप पुस्तिका उघडून मांडीवर धरली होती. आमच्याकडे तिला ‘एमबी’ म्हणतात, आणि तिच्यात जे लिहिलं ते झालं असं सरकार मानतं. एमबीत वाहिनी ओढा ओलांडून वस्तीपर्यंत गेलेली होती, मीटरच्या आकड्यांसह. प्रत्यक्षात ती ओढ्याच्या अलीकडेच, एका बाभळीपाशी थांबली होती. उघड्या पाइपच्या तोंडात कुणीतरी चिंध्यांचा बोळा कोंबून ठेवला होता, साप-विंचू जाऊ नये म्हणून. शाखा अभियंता खाली बसला, पुन्हा उठला, आणि ‘मॅडम, टेप आणलाय का?’ म्हणाला. टेपने मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं.

कार्यालयात परतल्यावर आम्ही लिहिलं: अंशतः खरे आहे. मंत्रालयातून फोनवर फोन आले, दोनदा उत्तर बदललं, आणि शेवटी छापलं गेलं ते असं की उर्वरित काम मार्चअखेर पूर्ण करण्यात येईल आणि संबंधितांवर जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही सुरू आहे. प्रश्न सभागृहात तोंडी उत्तराला आलाच नाही. प्रश्नोत्तराचा तास पहिल्या काही प्रश्नांतच संपतो, आणि त्या दिवशी तर गोंधळात तोही बुडाला होता. यादीतल्या उरलेल्या प्रश्नांबरोबर आमचं उत्तर पटलावर ठेवलं गेलं. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षी आमचे साहेब बदलले. नवे साहेब रुजू होऊन थोडेच दिवस झाले असतील, त्या गावच्या माजी सरपंचबाई आल्या. नऊवारी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्यांनी फोल्डरमधून त्या छापील पानाची झेरॉक्स काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. “साहेब, हे मंत्र्यांनी विधानसभेत सांगितलंय. मार्च होऊन गेला.” साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि मला हाक मारली. आतापर्यंतच्या अर्जांवर शेरा मारता येत होता. या पानावर शेरा मारता येत नव्हता, कारण ते आमचंच होतं. वस्तीची वाहिनी पूर्ण झाली. मार्चअखेर नव्हे, तर त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. जबाबदारी कुणावर निश्चित झाली म्हणाल तर ते शेवटपर्यंत ‘सुरू’च राहिलं. पण पाणी दर तिसऱ्या दिवशी येतं, अजूनही.

त्या दिवशी मला त्या बाईंचा रागच आला होता. मत बदलायला आणखी काही वर्षं गेली, आणि ते बदललं निवृत्तीनंतरच्या वाचनाने. वेळ होता, आणि जिल्हा ग्रंथालयात विधिमंडळाच्या इतिहासाची पुस्तकं कुणी नेत नाही.

मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक 22 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. गव्हर्नर अध्यक्षस्थानी, सभासद सगळे नेमलेले. त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, माधवराव विंचूरकर होते. एवढी मोठी माणसं, पण त्यांना सरकारला साधा एक प्रश्न विचारायची मुभा नव्हती. 1861 च्या कायद्याने कौन्सिलला नेमून दिलं होतं ते पुढ्यातल्या विधेयकावर बोलायचं, बाकी कारभाराबद्दल तोंड उघडायचं नाही. प्रश्न विचारायचा हक्क मिळायला 1892 चा कायदा यावा लागला. तोही असा की प्रश्न विचारा, उत्तर ऐका आणि खाली बसा; उपप्रश्न नाही. उपप्रश्नाला 1909 उजाडलं, आणि तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. हे वाचताना मला आमची टिपणी आठवली. जिच्यात खरं लिहावं लागतं, ती टिपणी ज्या उपप्रश्नाच्या भीतीने लिहिली जाते तो मिळवायला जवळपास पन्नास वर्षं लागली होती. इंग्रज सरकारने कायदे करण्यात हिंदी माणसाला आधी सामील करून घेतलं, पण जाब विचारण्याचा हक्क शक्य तितका लांबवला. राज्यकर्त्याला कशाची धास्ती असते, ते यावरून कळावं.

सभात्यागाचंही तसंच. आमदार उठून बाहेर निघाले की मी म्हणायची, पगार घेता ना, बसा की आत. मग 1901 ची हकिकत वाचली. मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली होती. सारा थकला म्हणून जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क काढून घेऊन. फिरोजशहा मेहतांनी सुचवलं की घाई करू नका, लोकांची मतं घ्या. सूचना फेटाळली गेली. सरकारी बहुमत ठरलेलंच होतं. तेव्हा मेहता उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागे गोपाळ कृष्ण गोखले. नेमस्तांतले नेमस्त, सनदशीर मार्गाखेरीज पाऊल न टाकणारे हे लोक! त्यांनाही एक वेळ अशी आली की आत बसून मत देण्यापेक्षा खुर्ची रिकामी ठेवणं जास्त बोलकं वाटलं. आजचा प्रत्येक सभात्याग त्या तोलाचा असतो असं मी म्हणणार नाही. बरेचसे कॅमेऱ्यांसाठीच असतात. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं मी सोडलं.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते सी. के. बोल्यांच्या ठरावाने. चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेपासून माहीत होता. 20 मार्च 1927, बाबासाहेब आंबेडकर, महाड. त्याच्या मागे मुंबई कौन्सिलचा एक ठराव उभा आहे, हे मात्र कधी नीट लक्षात घेतलं नव्हतं. सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट 1923 मध्ये कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने परिपत्रक काढलं. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठरावही केला. आणि पुढे काही नाही. कागद फाइलला लागला. 1926 मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि जी लोकल बोर्डं हे अमलात आणत नाहीत त्यांचं अनुदान बंद करा. म्हणजे ज्याला आमच्या भाषेत पाठपुरावा म्हणतात तो. पुढच्या वर्षी हजारो माणसं तळ्यावर गेली ती तोच हक्क बजावायला. त्यांच्या हातात प्रतिष्ठेची मागणी होती आणि सरकारच्याच सभागृहाने मंजूर केलेला कागदही होता. नगरपालिकेने पुढे आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

ठरावाने तळं खुलं केलं नाही. ते केलं पाण्यात उतरलेल्यांनी, मार खाऊन. पण ठराव नसता तर त्यांना ‘तुम्ही कोण?’ असं विचारता आलं असतं. ठराव होता म्हणून त्यांना ‘तुम्हीच म्हणाला होतात’ असं उलट विचारता आलं. सरपंचबाईंची झेरॉक्स आणि बोल्यांचा ठराव एका तागडीत घालण्याइतकी मी वेडी नाही. पण सभागृहातून निघालेला कागद काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते मला या दोन्हींनी मिळून शिकवलं.

आता विधान परिषदेबद्दल. 78 जणांचं हे सभागृह पडलेल्यांची सोय आहे, बरखास्त करा, असं मी फार जोरात म्हणायची. तमिळनाडूने 1986 मध्ये मोडीत काढलं, बंगालने त्याच्याही आधी, त्यांचं काही अडलं? इथे माझं मत पूर्ण फिरलेलं नाही. निम्मं फिरलंय, आणि ते फिरवलं वि. स. पागे यांनी. पागे 1960 ते 1978 परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजना त्यांची. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी आधी लहान प्रमाणावर करून पाहिली, मग सरकारच्या गळी उतरवली. 1972 च्या दुष्काळात ती राज्याने उचलली, 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि 2005 मध्ये सगळ्या देशासाठी कायदा झाला. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांकडून, व्यवसाय करातून. माझ्या पगारपत्रकात तो दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये असा कापलेला दिसायचा आणि मी दर फेब्रुवारीला कुरकुरायची. तो कर ज्यासाठी बसला, त्याच कामांवर खडी फोडणाऱ्या बायका मी दौऱ्यात बघत होते. दोन्हींचा संबंध मनात जोडला नव्हता. निवडणुकीच्या धबडग्यात नसलेला, एकच विषय वर्षानुवर्षं लावून धरणारा माणूस असतो, त्याला बसायला जागा हवी. ग. प्र. प्रधान पुण्याच्या पदवीधरांतून तिथे गेले, अमरावतीचे बी. टी. देशमुख तीस वर्षं बसून अनुशेषाचे आकडे मांडत राहिले. अशी माणसं विधानसभेची निवडणूक लढली असती की नाही, शंकाच आहे.

आणि तरीही जादूटोणाविरोधी कायद्याची गोष्ट माझ्या घशातून खाली उतरत नाही. विधानसभेने डिसेंबर 2005 मध्ये विधेयक मंजूर केलं. ते परिषदेत अडकलं ते अडकलंच. या कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला ऑगस्ट 2013 मध्ये, मग वटहुकूम निघाला, आणि त्याच डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी कायदा केला. घाईला लगाम घालणारं सभागृह म्हणतात ते हेच असेल, तर तो लगाम कुणाच्या हातात आहे हेही बघायला पाहिजे. शिवाय राज्यपालांनी नेमायच्या 12 जागा. 2020 मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली यादी तशीच पडून राहिली, आणि नेमणुका व्हायला ऑक्टोबर 2024 उजाडला, त्याही सातच. या जागांवर एके काळी गदिमा बसत, ना. धों. महानोर बसत. तेव्हा परिषदेबाबत मला कुणी विचारलं तर मी हल्ली एवढंच म्हणते की मोडू नका, पण असंच चालवायचं असेल तर तिची बाजू माझ्याकडून वदवून घेऊ नका.

नागपूरबद्दलचा माझा विनोद मी मागे घेतला आहे, पूर्णपणे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन तिथे भरवायचं ठरलं. विदर्भाला ते किती पुरलं हा वाद वेगळा. पण एकदा साहेबांबरोबर फाइल घेऊन मी गेले होते. आतलं प्रवेशपत्र साहेबांचं. मी दिवसभर बाहेर. मोर्चे एकामागून एक येत होते. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धरणग्रस्त. एका मोर्चातल्या बाई माझ्याशेजारी टेकल्या, भाकरी सोडली, मलाही अर्धी दिली आणि म्हणाल्या, “मुंबईला कोण जातंय ताई एवढं भाडं काढून. सरकार वर्षातनं एकदा इकडं येतं, तवा दिसून घ्यायचं.” याच नागपुरात 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण गेले. त्यांना कुणी भेटायला वेळेवर आलं नाही, हा त्यातला सल. मोर्चांच्या त्या गर्दीला मी इतकी वर्षं हुरडा पार्टीतले प्रेक्षक समजत होते.

पंचायत राज समितीचं मात्र काय करावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विधिमंडळाची ही समिती जिल्हा परिषदांचे लेखाआक्षेप तपासायला जिल्ह्यात येते. ‘पीआरसी येतेय’ म्हटलं की भिंतींना रंग, बागेला पाणी, फाइलींना नवी बासनं, आणि जेवणाच्या यादीवर तर खास बैठक. एका वेळी आमच्याकडे सदस्यांचा सगळा रस कोणत्या हॉटेलात उतरायचं यात होता, आणि त्याची वर्गणी खालून वर गोळा झाली, असं म्हणतात, मीही दिली. पण दुसऱ्या एका दौऱ्यात एक सदस्य, बारीकसे गृहस्थ, चहालाही न थांबता लेखापरीक्षणाचा अहवाल घेऊन बसले. पान उघडत, परिच्छेद क्रमांक सांगत, आणि ‘हे वसूल झालं का?’ एवढंच विचारत. पुन्हा पान. साक्षीला उभ्या असलेल्या आमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना थंडीत घाम फुटला होता. तेव्हा समिती चांगली की वाईट याला उत्तर नाही. तिच्यात वाचून येणारा एक तरी आहे का, यावर ते आहे.

माझे मेहुणे ठेकेदारी करतात. ते म्हणतात, तू प्रश्नाचं कौतुक करतेस, पण प्रश्न ‘लावले’ जातात आणि ‘मिटवले’ जातात, हे तुला माहीत नाही का? माहीत आहे. 2005 च्या डिसेंबरात प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून संसदेतल्या 11 खासदारांना घालवलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. तालुक्याच्या पातळीवरही कुजबुज ऐकू येतेच. मी त्यांना एवढंच म्हणते की आवक क्रमांक पडलेला गावकऱ्यांचा अर्ज मिटवायला कुणी कधी पैसे मोजल्याचं मी ऐकलं नाही.

मला काळजी वेगळीच आहे. प्रश्न विचारायचे दिवसच आटताहेत. सप्टेंबर 2020 मध्ये पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं झालं. करोना होता, समजू शकते. पण जुलै 2021 चंही दोनच दिवसांचं, आणि त्यात 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये ते रद्द केलं. आमदार दोषी होते की नाही हा मुद्दा बाजूला ठेवला तरी 12 मतदारसंघांतल्या अर्धवट वाहिन्यांवर तेवढा काळ कोण विचारणार होतं? 2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेला बराच काळ विरोधी पक्षनेताच नव्हता. पुरवणी मागण्या हजारो कोटींच्या आणि चर्चा नावाला. पूर्वी हे वाचून मी म्हणायची, बरं झालं, कटकट कमी. आता मी दिवस मोजते.

कधीमधी मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या उघडून बसते. पाणीपुरवठ्याचं उत्तर आलं की ते कोणत्या हाताने लिहिलंय ते मला ओळखू येतं. सफाईने लिहिलेल्याचं कौतुकही वाटतं, सवय जात नाही. पण एक गोष्ट खटकते. ज्या गावाबद्दल उत्तर आहे त्या गावाला ते पोचत नाही. सरपंचबाईंना ते पान मिळालं ते आमदारांच्या स्वीय सहायकाने ओळखीखातर झेरॉक्स करून दिलं म्हणून. आमच्या गावच्या ग्रामसेवकाला मी म्हटलं, आपल्या गावाबद्दलचं उत्तर फलकावर लावत जा. तो म्हणाला, “ताई, वरून तसा आदेश नाही.” खरं आहे, नाही.

म्हणून मी एक मसुदा तयार करून आमच्या आमदारांच्या कार्यालयात देऊन आले. गावाशी संबंधित प्रश्नांची छापील उत्तरे त्या ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर प्रसिद्ध केली जात नाहीत, हे खरे आहे काय; असल्यास, तसा आदेश काढण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सहायक तरुण आहे, त्याने वाचून विचारलं, “हे नियमात बसेल का हो?” मी त्याला सांगितलं, यात तर्क नाही, उपरोध नाही, कुणावर आरोप नाही, आणि विषय एकच आहे.